मावळचा पदवीधर आणि मावळचा कारखाना

तळेगाव दाभाडे येथील मोटारींचा कारखाना २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. जनरल मोटर्सने २००८ मध्ये उभारलेल्या या कारखान्यातील उत्पादन २०२० च्या डिसेंबरात थांबले होते. पुढे तो एका चिनी कंपनीकडे जाणार अशी बोलणी झाली आणि २०२२ मध्ये ती फिसकटली. अखेर २०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाई कंपनीने तो विकत घेण्याचा करार केला. बंद पडलेली यंत्रे पुन्हा फिरू लागली, ही घटना स्वागतार्ह आहे यात शंका नाही. त्याच वर्षी मावळ तालुक्यातील महाविद्यालयांतून कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवीधरांची आणखी एक तुकडी बाहेर पडली. तिची बातमी झाली नाही. ती कधी होतही नाही. तळेगावात महाविद्यालय आणि औद्योगिक वसाहत यांच्यातील अंतर दुचाकीवर अर्ध्या तासाचेही नाही. परंतु बी. ए. किंवा बी. कॉम. झालेल्या तरुणाला या दारातून त्या दारापर्यंत नेणारी वाट कोणती, असे विचारले तर समाधानकारक उत्तर कोणाकडेच नसते.

याला कारण आहे. रोजगाराची सारी चर्चा आज कारखाना कोठे उभा राहणार, या एकाच प्रश्नाभोवती घोटाळत असते. वेदान्त आणि फॉक्सकॉन या कंपन्यांचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार, अशी अपेक्षा होती. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो गुजरातला गेला आणि महाराष्ट्रात राजकीय वादळ उठले. एक लाख रोजगार गेले, असे एक पक्ष म्हणू लागला; ते तुमच्याच काळात गेले, असे दुसरा सांगू लागला. वर्ष उलटण्यापूर्वीच, २०२३ च्या जुलैत, फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्या प्रकल्पावरून एवढा कलह माजला, तो ठरल्या स्वरूपात कोठेच उभा राहिला नाही. या सबंध वादात एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तो प्रकल्प तळेगावला आला असता, तर आंदर मावळातील किंवा नाणे मावळातील किती पदवीधर त्यात आणि कोणत्या पायरीवर शिरू शकले असते? कारखाना मिळवण्यासाठी जेवढी शक्ती खर्च होते, तिच्या दशांशानेही कारखान्यासाठी माणूस घडवण्यावर खर्च होत नाही.

जमिनीच्या जागी पदवी

मावळात या प्रश्नाला जी धार आहे, ती इतर अनेक तालुक्यांत नाही. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत देशाच्या आणि महानगरांच्या गरजा भागवण्यासाठी या तालुक्याची जमीन पुनःपुन्हा लागत आली आहे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. १९११ मध्ये टाटांच्या वळवण धरणाचा पाया घातला गेला आणि त्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला निर्माण होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे ठोकरवाडीचा जलाशय झाला. १९४५ मध्ये लोणावळ्याजवळ नौदलाचे शिवाजी हे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आले. पवना धरण झाले, औद्योगिक वसाहती झाल्या, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्धचे आंदोलन चालू असता ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. या तालुक्यात जमीन आणि पाणी हे विषय किती हळवे आहेत, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

जमीन कमी होत गेली तसा मावळातल्या शेतकरी कुटुंबाने एक साधा हिशेब मांडला. बापाला जमिनीने पोसले, मुलाला पदवी पोसेल. नुकसानभरपाईच्या किंवा गुंठेवारीच्या पैशातून काहींनी बंगले बांधले, काहींनी गाड्या घेतल्या, हे खरे आहे. परंतु त्याच पैशातून असंख्य घरांनी मुलांना, आणि विशेष म्हणजे मुलींना, वडगाव, तळेगाव, लोणावळा येथे महाविद्यालयात धाडले. पदवीपर्यंत पोचलेली ही त्या घरांतील पहिलीच पिढी होय. शहरातील मध्यमवर्गीय घरात पदवी निरुपयोगी ठरली, तर वडिलांच्या ओळखी, भाषा, राहते घर अशा इतर गोष्टी हाताशी असतात. मावळच्या या घरात पदवी निरुपयोगी ठरली, तर मागे परतायला शेतही उरलेले नसते.

पदवीनंतरच्या वाटा

मग हे तरुण जातात कोठे? सर्वांत मोठी ओढ अजूनही सरकारी नोकरीची आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी राज्यभरातून दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. शिपायाच्या पदाला बारावीची अट पुरते; मैदानावर धावणाऱ्यांत मात्र पदवीधर होते, अभियंतेही होते. शंभरातील नव्याण्णवांना जेथे नकार मिळणार हे गणिताने ठरलेले आहे, तेथे ते नव्याण्णव आळशी किंवा नालायक होते असे म्हणता येत नाही. त्यांची उमेदीची तीन-चार वर्षे मात्र अभ्यासिकांच्या भाड्यात आणि क्लासच्या शुल्कात खर्ची पडतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणे ज्यांना परवडत नाही, ते गावातच पुस्तके उशाशी घेऊन वाट पाहतात.

दुसरी वाट शिक्षकाची. एके काळी ग्रामीण पदवीधराला ही सर्वांत प्रतिष्ठेची होती. २००० पासून तिच्या तोंडाशीच शिक्षणसेवक पद्धत आली. या पद्धतीतील मानधन २०२३ मध्ये वाढवण्यात आले, तरी प्राथमिक शाळेत ते महिना १६ हजार आणि माध्यमिक शाळेत १८ हजार रुपये इतकेच ठरले. वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची अवस्था याहून वेगळी नाही. जो स्वतः स्थिर नाही, त्यानेच समोरच्या वर्गाला पदवीचे महत्त्व पटवून द्यायचे, असा हा प्रकार आहे आणि वर्गात बसलेल्या मुलांना तो दिसत नाही असे समजण्याचे कारण नाही.

तिसरी वाट पुणेरी चाकरीची. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव ही गावे चिंचवड-पिंपरी-शिवाजीनगरशी जोडली गेली. बँका, विमा कंपन्या, हिशेबनिसांच्या कचेऱ्या, दवाखाने, दुकाने यांत रोज जाऊन येणारा मोठा वर्ग या लोकलने निर्माण केला आहे. तालुक्याच्या सीमेलगत मुळशीत वसलेल्या हिंजवडीने संगणकक्षेत्राचे दार उघडले. पण त्या दारातून आत जाण्यास अभियांत्रिकीची पदवी आणि सफाईदार इंग्रजी लागते. आणि २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनेच सुमारे बारा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केल्यानंतर तेही दार पूर्वीइतके सताड उघडे राहिलेले नाही.

चौथी वाट लोणावळ्याच्या पर्यटनाची. हॉटेले, भाड्याचे बंगले, चिक्कीची दुकाने, कार्ले-भाजे लेणी पाहायला आणि पावसाळ्यात भुशी धरणावर लोटणारी गर्दी यांतून रोजगार मिळतो. पण तो शनिवार-रविवारचा आणि चार महिन्यांचा. व्यवस्थापनाच्या जागांवर बहुधा बाहेरून शिकून आलेली माणसे असतात आणि स्थानिक पदवीधर स्वागतकक्षात किंवा हिशेबाच्या वहीपाशी थांबतो. याच अर्थव्यवस्थेची दुसरी बाजू म्हणजे जमिनीची दलाली. तिच्यात पैसा आहे, परंतु तिच्यासाठी पदवीची गरज नाही आणि विकण्याजोगी जमीन संपली की तो धंदाही संपतो.

उरतो तो कारखाना. तेथे पदवीधर जातो, पण ठेकेदाराच्या यादीतून जातो. काही महिन्यांची मुदत, मग खंड, मग दुसऱ्या ठेकेदाराकडे तीच कथा. त्याच्याकडे बी. कॉम.ची पदवी आहे की दहावीचे गुणपत्रक, याने जुळणीच्या पट्ट्यावर फरक पडत नाही. ज्यांचे राजकीय वजन आहे, त्यांना बसगाड्यांचा, उपाहारगृहाचा वा भंगाराचा ठेका मिळतो. तालुक्यात तरुणांसमोर यशाचे उदाहरण म्हणून बोट दाखवले जाते ते बहुधा या ठेकेदाराकडे, आणि त्यातून विद्येविषयी जो धडा मिळायचा तो मिळतो.

वाट पाहण्याची किंमत

हे केवळ मावळचे दुखणे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांपैकी २९.१ टक्के बेकार होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत हेच प्रमाण ३.४ टक्के होते. शिक्षणाने बेकारी वाढते, असा याचा उथळ अर्थ कोणी काढू नये. निरक्षर तरुणाला रिकामे बसणे परवडतच नाही. मिळेल ते काम तो त्याच दिवशी धरतो. पदवीधराला घर काही काळ पोसते आणि अपेक्षेप्रमाणे काम मिळेपर्यंत तो थांबतो. ब्लॉग, लेयर्ड आणि वुडहॉल या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर १९६९ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात या थांबण्याचाच विचार प्रामुख्याने केला होता. १९७६ मध्ये रोनाल्ड डोर यांनी ‘द डिप्लोमा डिसीज’ या पुस्तकात पुढची पायरी दाखवली. नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार झाले की मालक त्याच कामासाठी वरची परीक्षा मागू लागतात. मग विद्यार्थी शिकण्यासाठी शिकत नाहीत, दाखल्यासाठी शिकतात, आणि दाखल्याचे मोल आणखी घसरते. अर्धे शतक उलटले तरी या निदानात फारसा बदल करावा लागत नाही. बदल झाला आहे तो रोग्यात. त्या काळी पदवीधर हा मुख्यतः शहरी, वरच्या जातींतील होता. आज तो पवन मावळातील शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि त्याला पोसणाऱ्या घराची ऐपत पुष्कळच कमी आहे.

तळेगावचाच एक जुना धडा

यावरचा उपाय परदेशात शोधण्याची आवश्यकता नाही. त्याचा एक नमुना तळेगावातच घडून गेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय या गावी राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करीत होते. १९१० मध्ये इंग्रज सरकारने तो बंद पाडला. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. प्रत्येक माणसाकडून एक पैसा गोळा करून त्यातून स्वदेशी उद्योग उभारायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टी उभी केली. परंतु या कारखान्याचे महत्त्व त्याने किती चिमण्या आणि बाटल्या तयार केल्या, यात नाही. तो मुळातच शिकवण्यासाठी काढलेला होता. भट्टीपाशी उभे राहून काच फुंकायला शिकलेली तेथील माणसे देशातील ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत पसरली आणि हिंदुस्थानातील काचधंद्याचा पाया घालण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्या काळी सरकारचे साहाय्य नव्हते, अनुदान नव्हते, भांडवल पैशा-पैशाचे होते. तरीही शाळा आणि कारखाना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही अपुऱ्या राहतात, एवढे त्या माणसांना उमगले होते.

लोणावळ्यातही असे उदाहरण आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हा योगशिक्षक हा व्यवसाय म्हणून कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. प्रयोगशाळा, आश्रम आणि अध्यापन यांची सांगड घातल्यामुळे त्या संस्थेत शिकलेल्यांना आज जगभर काम मिळते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण बाहेर आला. त्याने मावळच्या शेतकऱ्याला बाजारात नाव मिळवून दिले. तळेगावच्या फुलशेती उद्यानातील आणि पवन मावळातील हरितगृहांतील गुलाब दर फेब्रुवारीत युरोपच्या बाजारात जातात. तळेगावातच काढणीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे. तांदळाची प्रतवारी, शीतसाखळी, निर्यातीची कागदपत्रे, हिशेब, परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार ही सारी कामे वाणिज्य आणि विज्ञान पदवीधरांची आहेत. पदवीच्या अभ्यासक्रमात त्यांचा कितीसा मागमूस आढळतो?

काय करता येईल

विद्यापीठ म्हणजे नोकऱ्या लावून देणारी कचेरी नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल आणि त्यात तथ्य आहे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांचे शिक्षण समाजाला हवेच असते आणि त्याचे मोल पगाराच्या आकड्यात मोजू नये. पण मग त्या शिक्षणासाठी येणाऱ्याला ते कशासाठी आहे, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. पदवी घेतली की नोकरी मिळते, या समजुतीवर प्रवेश भरायचे आणि नंतर विद्येच्या निरपेक्षतेचा दाखला द्यायचा, हे प्रामाणिकपणाचे नाही.

तालुक्यातील नोकऱ्या तालुक्यातील मुलांनाच मिळाव्यात, हा दुसरा लोकप्रिय उपाय. राज्य सरकारच्या २००८ च्या निर्णयात उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक लोक घ्यावेत, असे म्हटले आहे. पण तेथे ‘स्थानिक’ याचा अर्थ राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला, असा आहे. कामशेतचा तरुण जेवढा स्थानिक, तेवढाच नांदेडचा. आणि ते योग्यही आहे. तालुक्यांच्या वेशीवर नोकऱ्यांची नाकी बसवू लागले, तर रोज लोकलने पिंपरीला जाणाऱ्या मावळच्या हजारोंचे काय होईल? हक्क म्हणून मागायचे असेल, तर ते पात्रता मिळवण्याच्या संधीचे मागावे.

ती संधी कायद्यात आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ मध्ये त्यात पदवीधर अभियंत्यांचा समावेश झाला आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही तो लागू झाला. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. वाणिज्य पदवीधर कारखान्याच्या भांडारात, खरेदी विभागात, वेतन विभागात उमेदवारी करू शकतो; रसायनशास्त्राचा पदवीधर गुणवत्ता तपासणीत शिकू शकतो. लोणावळ्याच्या मोठ्या हॉटेलांनाही हाच नियम लागू पडतो. महाविद्यालयांनी या आस्थापनांशी करार करून तिसऱ्या वर्षाचे एक सत्र तेथे घालवण्याची सोय केली, तर नव्या शैक्षणिक धोरणातील कार्यप्रशिक्षणाची तरतूद कागदावरून खाली उतरेल. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न घेऊन त्याच योजनेतील तरुणांना आंदोलने करावी लागली. हातात कौशल्य आणि त्याचा सर्वमान्य दाखला राहत नसेल, तर ते प्रशिक्षण नव्हे. ती मुदतीची मदत होय.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे आणि तिला पैसाही लागत नाही. मूल्यांकनासाठी प्रत्येक महाविद्यालय आपले विद्यार्थी पुढे कोठे गेले याची माहिती जमवते. ती श्रेणी मिळवण्यापुरती फायलीत न राहता दरवर्षी प्रवेशाच्या वेळी सूचनाफलकावर लागली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी बी. कॉम. झालेल्यांपैकी किती जण कायम नोकरीत आहेत, किती ठेकेदाराकडे, किती जण परीक्षांची तयारी करीत आहेत आणि किती मुली लग्नानंतर कामाबाहेर गेल्या, हे ज्या बापाने जमिनीचा पैसा शुल्कात भरला त्याला कळण्याचा अधिकार आहे. ही यादी तयार करताना प्राध्यापकांनाही आपल्या अध्यापनाविषयी दोन गोष्टी समजतील.

जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला तेव्हा सुमारे १४०० कामगारांची कामे गेली. कायम नोकरी म्हणजे जन्माची शाश्वती, ही समजूत त्यांनी तळेगावच्या रस्त्यावर बसून गमावली. नवा मालक आला आहे, उद्या तिसराही येईल. कारखाने येतात, विकले जातात, बंद पडतात. ते कोठे राहावेत हे दिल्ली, मुंबई आणि परदेशातील संचालक मंडळे ठरवतात आणि मावळच्या मताला तेथे फारशी किंमत नाही. महाविद्यालयात तीन वर्षे मुलांना काय शिकवायचे, त्यांना कोणत्या दारापर्यंत नेऊन सोडायचे, हे मात्र येथल्या संस्थाचालकांच्या, प्राध्यापकांच्या आणि विद्यापीठाच्या हाती आहे. पैशा-पैशाच्या वर्गणीवर तळेगावने हे काम एकदा करून दाखवले होते. कोट्यवधींची गुंतवणूक दाराशी आली असता ते पुन्हा जमत नसेल, तर दोष गुजरातला देऊन भागणार नाही.